१९९८ ची ट्रॅक्स तळणीच्या जळक्या तेलावर चालवावी का? तेल घरचंच आहे

पसरणीकर (वाई)

नमस्कार मंडळी,

वाईत आमचा केटरिंगचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. भांडी, शेगड्या, किराणा आणि वाढपी पोरं न्यायला १९९८ ची टेम्पो ट्रॅक्स आहे. फिटनेस झालंय, पर्यावरण कर भरलाय. पत्रा दोन ठिकाणी गेलाय, पण इंजिन तयार. हाफ सेल्फला उठतं.

लग्नसराईत आमच्याकडे महिन्याला चार-पाच डबे जळकं तेल निघतं. पुऱ्या, बटाटेवडे, भजी, आणि जिलेबीची कढई वेगळी. वडील तेल फार वेळा तापवू देत नाहीत. हा त्यांचा नियम सरकारी कागद यायच्या आधीपासूनचा. पूर्वी एक माणूस येऊन डबे उचलायचा, पुढे त्या तेलाचं काय करायचा देव जाणे. आता साताऱ्याहून परवानावाला येतो. किलोला ४८ रुपये, पावतीसकट.

इकडे डिझेल नव्वदच्या वर. मोबाइलवर रोज एक व्हिडिओ येतो, जळकं तेल फडक्यातून गाळलं, टाकीत ओतलं, गाडी चालू. आमचा इथला मिस्त्री म्हणतो, "जुनं इंजिन आहे, काहीबी खातंय, टाक बिनधास्त." वडील म्हणतात, "तेल विक आणि डिझेल घे, उगाच उद्योग नको."

मला तीन गोष्टी विचारायच्यात. डिझेलमध्ये किती मिसळलं तर चालेल? काही किट वगैरे बसवावं लागतं का? आणि मिस्त्रीकडे सर्व्हिसिंगचं काळं ऑइल फुकट मिळतं, तेही चालेल का? व्हिडिओची लिंक देऊ नका, ते सगळे बघून झालेत. ज्यांनी स्वतः हात काळे केलेत त्यांनी सांगा.

घाटमाथा_४x४

बाकी माहीत नाही, पण गाडीमागून भज्यांचा वास येतो हे खरं आहे. पसरणी घाटात मागच्या दुचाकीवाल्यांना भूक लागेल.

नोझलकाका (कोल्हापूर)

पसरणीकर भावा, चालेल का ते आधी सांगतो. चालेल. उद्या सकाळी टाकीत ओतलंस तरी गाडी पळेल. म्हणून तर एवढे व्हिडिओ निघतात. ज्या दिवशी तेल ओतलं त्या दिवशीचा व्हिडिओ असतो, पुढच्या लग्नसराईतला कोणी काढत नाही.

माझं कोल्हापुरात डिझेल इंजिनांचे पंप-नोझल दुरुस्त करायचं दुकान. आता पोरगा बघतो, मी सकाळी जाऊन टेस्ट बेंचपाशी बसतो. तेल पाजलेल्या गाड्यांचे पंप आमच्याकडे उघडायला येतात, त्यामुळं यातलं थोडं कळतं.

तुझ्या मिस्त्रीचं अर्धं बरोबर आहे. ट्रॅक्समधलं इंजिन साधंसुधं नाही. मर्सिडीजचं ओएम ६१६, २.४ लिटर, बजाज टेम्पोनं परवान्यावर इथं बनवलं. जर्मनीत याच इंजिनावर २४० डी नावाच्या मोटारी टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळाल्या, आणि तेलावर गाडी चालवणारे गोरे लोक आजही तीच मोटार शोधत असतात. कारणं दोन.

एक, यात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. आधी हेडमधल्या छोट्या खोलीत फवारा जातो, तिथं पेटतो आणि मग खाली येतो. खोली लालबुंद तापलेली असते, त्यामुळं जाड तेलसुद्धा बऱ्यापैकी जळतं. नोझल पिनचं, साधारण सव्वाशे बार दाबाला उघडणारं. पिन खाली-वर होताना स्वतःचं तोंड स्वतःच साफ करते. ४०७ सारख्या थेट फवाऱ्याच्या इंजिनात नोझलला बारीक भोकं असतात, ती काजळीनं बुजतात.

दुसरं म्हणजे पंप. सरळ रांगेतला मायको कंपनीचा पंप असेल, एका ओळीत चार पाइप वर निघालेले, तर त्याचा कॅम आणि रोलर ऑइलमध्ये फिरतात. वरचे प्लंजर, म्हणजे इंधन दाबणारे दट्टे, तेवढे इंधनावर. गोल रोटरी पंप असतो त्याचं आतलं सगळं वंगण म्हणजे इंधनच. थंडीत जाड तेल ओढताना त्याच्या शाफ्टवर ताण येतो, आणि तो मोडला की दुरुस्ती नाही, दुसरा पंप.

म्हणून आधी बॉनेट उघड आणि पंप कुठला आहे बघ. पंचवीस वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही.

आणि मला तीन गोष्टी सांग. कढईत तेल कुठलं असतं? गाडी एका वेळी किती लांब जाते? थंडीत किती चालते? मग पुढचं बोलू.

बोलेरोप्रेमी

काका, माझी २०१५ ची बोलेरो आहे, कॉमन रेल. दहा-पंधरा टक्के मिसळलं तर?

नोझलकाका (कोल्हापूर)

नको.

(कॉमन रेल म्हणजे सोळाशे बार दाबाचा मामला आहे. एका इंजेक्टरच्या पैशात वर्षभराचं डिझेल येईल.)

देशी_इंधन

काका, तुम्ही उगाच घाबरवताय. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावरच चालवून दाखवलं होतं. इंजिन मुळात तेलासाठीच आहे, डिझेल कंपन्यांनी नंतर घुसवलं.

नोझलकाका (कोल्हापूर)

प्रदर्शनाची गोष्ट खरी आहे, इंजिन मुळात खायच्या तेलासाठीच केलं हे मात्र खरं नाही. पण त्या काळच्या इंजिनात इंधन दाबाच्या हवेनं फुंकून आत घालायचे. दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत सरकणारा प्लंजर त्यात नव्हता. आणि तेल कोरं होतं, त्यात आधी कोणी वडे तळले नव्हते.

पसरणीकर (वाई)

काका, बॉनेट उघडून बघितलं. चार पाइप एका ओळीत, पंपावर मायकोचा शिक्का. म्हणजे सरळ रांगेतला.

तेल: पुऱ्या-वड्यांना पामोलीन. भज्यांना कधी सोयाबीन, जे स्वस्त मिळेल ते. जिलेबी वनस्पती तुपात.

अंतर: बहुतेक कार्यालयं जवळचीच. पाचवड, भुईंज, मेणवली, कधी पाचगणी. साताऱ्याच्या ऑर्डरी महिन्यातून एखाददुसरी. सकाळी सामान टाकून यायचं, दुपारी पोरं आणायची, रात्री भांडी.

थंडी: सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो तो फेब्रुवारीपर्यंत, मग एप्रिल-मे. डिसेंबरात पहाटे चारला गाडी काढावी लागते.

नोझलकाका (कोल्हापूर)

हे वाचूनच उत्तर मिळालं मला. तरी सविस्तर लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी तेल. डिझेलचा जाडपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात, तो ४० अंशाला २ ते ४.५ च्या दरम्यान असावा लागतो. खायचं तेल त्याच तापमानाला ३५ ते ४०. म्हणजे आठ-दहा पट जाड. ते ७०–८० अंशाला तापवलं की १०–१५ वर येतं आणि तेव्हा कुठं नोझल त्याचा नीट फवारा करतं. त्यासाठी दोन टाक्या लागतात. गाडी डिझेलवर चालू करायची, रेडिएटरचं गरम पाणी तेलाच्या पाइपाभोवती फिरवायचं, इंजिन तापलं की वाल्व तेलावर टाकायचा. आणि गाडी बंद करायच्या आधी दोन-तीन किलोमीटर परत डिझेलवर, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल थंड होऊन बसणार नाही. किट म्हणजे एवढंच. टाकी, वाल्व, गरम पाण्याची गुंडाळी आणि वेगळा फिल्टर.

आता तुझ्या खेपा बघ. वाईहून पाचवडला जाताना पाणी तापेतो निम्मं अंतर संपलं. शेवटचे दोन-तीन किलोमीटर परत डिझेल. तेलावर गाडी चालणार किती? मेणवलीला तर वाल्व फिरवायचीसुद्धा गरज नाही. पाचगणीला चढताना चालेल, घाटात इंजिन चांगलं तापतं, पण परत येताना उतारावर काय जळणार?

हे जमतं कोणाला, तर लांब पल्ल्याला. माझ्याकडे एक फुलवाला यायचा. जुनी ट्रॅक्स, रोज रात्री माल घेऊन मुंबईला. एकदा इंजिन तापलं की पहाटेपर्यंत बंद नाही. दोन टाक्या, तेल स्वतः बसवून गाळलेलं. त्याचे नोझल मी वर्षातून एकदा बेंचला लावायचो आणि फवारा बघून मलाच नवल वाटायचं. धूर नाही, धार नाही, करकर आवाज करत तुषार उडायचे. तो माणूस महिन्याचे पैसे वाचवत होता यात शंका नाही.

आणि उलटं बघ. एक दुधाचा टेम्पो. गल्लोगल्ली थांबायचं, इंजिन कधी पुरतं तापायचं नाही. टाकी एकच, जळकं तेल निम्मं डिझेलमध्ये. पावसाळा बरा गेला. थंडीत सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला लागली म्हणून पंप आमच्याकडे आला. वरचं झाकण काढलं तर प्लंजरवर मधाच्या रंगाचा थर, काचेसारखा. बोटानं घासून जाईना. एक प्लंजर बॅरलमध्ये अडकलेला, थिनरमध्ये रात्रभर ठेवला तेव्हा हलला. पाइपाच्या तांब्याच्या वॉशरांवर हिरवा रंग चढलेला, जळक्या तेलातलं आम्ल तांब्याला खातं त्याचा. नोझल टेस्टरला लावले तर चारातले दोन फवारा सोडून सरळ धारच टाकायला लागले. ते तेल पुरतं जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या, ऑइलमध्ये जातं. गेज काढून बघितलं तर ऑइलची तार निघत होती. चेंबर उघडल्यावर तळाशी जेलीच होती. बेअरिंग वाचले, कारण मालकानं वेळेत आणला. पुढच्या महिन्यात आणला असता तर क्रँक गेला असता.

हे जेली का होतं ते मॅडम कोणी असतील तर शास्त्रातून सांगतील. माझ्या भाषेत, जवसाचं तेल सुतार लाकडाला लावतो ते वाऱ्यावर सुकून कडक होतं ना, तसं सोयाबीन, सूर्यफूल, करडई हीसुद्धा थोडीफार सुकणारी तेलं. गरम इंजिनात त्यांना हवा लागते, धातू लागतो, वेळ मिळतो. पामोलीन त्या मानानं सुकत नाही, पण ते गारठतं. वाईच्या डिसेंबरच्या पहाटे डब्यात खाली पांढरं बसलेलं तू बघितलंच असशील. तेच फिल्टरमध्ये बसणार. आणि जिलेबीच्या वनस्पतीचं नाव काढू नकोस. ते मे महिन्यातच काय ते पातळ राहतं.

आता हिशेब. तुझे आकडे घेतो, डिझेल ९१ धरतो.

महिन्याला पाच डबे, डब्यात १५ किलो, म्हणजे ७५ किलो. तेल पाण्याहून हलकं, लिटरला साधारण ९२० ग्रॅम, म्हणजे ८० लिटर. यातला जिलेबीचा डबा बाजूला काढ. गाळ, बेसन, मीठ, पाणी जाऊन हातात राहणार ५५ लिटरच्या आसपास. तेलात ताकद डिझेलपेक्षा थोडी कमी, म्हणजे ५५ लिटर तेलानं वाचलं ५२ लिटर डिझेल. ४,७०० रुपये.

तेच चार डबे विकलेस तर ६० किलोचे २,९०० रुपये. फरक १,८०० रुपये महिना. सीझन सहा महिन्यांचा धरला तर दहा-अकरा हजार.

यातून काय काय जाणार? दुसरी टाकी, वाल्व, गुंडाळी, फिल्टर, बसवायची मजुरी, वीस हजाराच्या खाली कोणी करणार नाही. इंजिन ऑइल निम्म्या अंतरात बदलायचं. फिल्टर सतत. आणि डबा गरम कर, आठवडाभर बसव, वरचं वरचं काढ, गाळ, परत गाळ, हे करायला माणूस कोण? लग्नसराईत तुला झोपायला वेळ नसतो. एवढं करून तुझ्या आखूड खेपांत ५५ लिटर तेल जळणारच नाही, निम्मं जळलं तरी खूप.

एकदा पंप-नोझलचं काम निघालं की पंधरा हजार गेले. दीड सीझनची कमाई तिथंच गेली.

तुझ्या वडलांना इंजिनातलं काही कळत नसेल, पण हिशेब कळतो.

रसायनबाई (अहिल्यानगर)

काकांनी हाक मारली म्हणून लिहिते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, मुलांकडून दरवर्षी वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करून घेते.

जेलीचं कारण काकांनी बरोबर सांगितलं. तेलाच्या रेणूत दुहेरी बंध जितके जास्त तितकं ते ऑक्सिजनशी जोडलं जाऊन घट्ट होतं. याचं माप आयोडीन मूल्य. जवसाचं १७० च्या पुढे, सोयाबीन-सूर्यफुलाचं १३० च्या आसपास, शेंगदाण्याचं ९० च्या जवळ, पामोलीनचं साठच्या आत-बाहेर. तांबं आणि पितळ ही क्रिया वाढवतात, म्हणून तेलाच्या टाकीला तांब्याचा पाइप कधीही लावू नये. बरेच जण गरम होतो म्हणून नेमका तोच लावतात.

पसरणीकरांनी विचारलं नाही, पण कोणीतरी विचारणारच, की मग बायोडिझेल का करू नये. त्यात तेलाला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा देऊन त्याचा जाडपणाच काढून टाकतात. तळाशी ग्लिसरीन बसतं, वर पातळ एस्टर येतं, डिझेलच्या जवळचं. कोऱ्या तेलाला लिटरमागे २०० मिली मिथेनॉल आणि साडेतीन ग्रॅम कॉस्टिक पुरतं. जळक्या तेलात आम्ल वाढलेलं असतं, म्हणून प्रत्येक डब्याचं टायट्रेशन (आम्ल मोजायची चाचणी) करून कॉस्टिक वाढवावं लागतं. अंदाजानं टाकलंत तर बायोडिझेलऐवजी साबण होतो. प्रयोगशाळेत माझी मुलं दरवर्षी एकदा तरी साबण करतातच.

पण घरी करायला मी कोणालाच सांगणार नाही. मिथेनॉल विष आहे, पोटात गेलं तर आंधळं करतं, जीव घेतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकते आणि लांबच्या ठिणगीनं पेटते. ५५–६० अंशाला ही क्रिया चालते आणि ६५ ला मिथेनॉल उकळतं, म्हणजे अंतर किती कमी आहे बघा. त्याची विक्री-साठवण नियंत्रित आहे. केटरिंगच्या गोदामात, जिथे शेजारी गॅसच्या टाक्या आहेत, तिथे हा उद्योग म्हणजे जिवाशी खेळ.

एक मात्र तुमच्या वडिलांना माझ्याकडून सांगा. तेल फार वेळा न तापवायचा त्यांचा नियम आता कायद्यातही आहे. तळून तळून तेलात ध्रुवीय संयुगं वाढतात, ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, जुलै २०१८ पासून. त्याच वर्षी वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची रुको योजना आली. तुमच्याकडे पूर्वी डबे उचलणारा जो माणूस यायचा, त्याचं तेल पुन्हा कुठल्या कढईत जाऊ नये, हाच तिचा हेतू. परवानावाल्याला पावतीनं देताय हे चांगलं आहे.

चिपळूणकर (लेस्टर)

काकांनी गोऱ्यांचा उल्लेख केला म्हणून इकडचं सांगतो.

ब्रिटनमध्ये हा छंद जोरात होता. मी आलो तेव्हा माझ्या घरमालकाकडे जुनी प्यूजो ३०६ होती, चिप्सच्या दुकानातल्या तेलावर चालायची. तिथेही काका म्हणतात तोच पहिला प्रश्न असायचा. बॉनेट उघडा, पंप बॉशचा आहे का लुकासचा? बॉश असला तर लोक जास्त पैसे देऊन गाडी घ्यायचे, लुकास असला तर तेलाचं नावही काढायचे नाहीत. इंजिन तेच, गाडी तीच.

इथे कर मोठा असतो, म्हणून सरकारचंही लक्ष असतं. २००२ साली दक्षिण वेल्समध्ये खायच्या तेलावर कर न भरता गाड्या चालवणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं होतं, वासावरून माग काढत. पुढे २००७ मध्ये नियम सैल झाला. वर्षाला अडीच हजार लिटरपर्यंत स्वतःपुरतं इंधन करा, कर नाही, नोंदणी नाही. तो नियम अजून आहे.

तरी छंद जवळजवळ संपला, आणि त्याचं कारण इंजिन नाही. तेलच मिळेना. वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलला इथे सरकारी हिशेबात दुप्पट मोल आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्या दुकानादुकानातून तेल विकत घेतात. पूर्वी घेऊन जा म्हणून मागे लागणारा दुकानदार आता भाव सांगतो. तुमचा साताऱ्याचा माणूस ४८ रुपये देतोय म्हणजे तिकडेही तेच सुरू झालंय. उद्या तो ५५ देईल, मग काकांचा हिशेब आणखी एका बाजूला झुकेल.

ता. क. घरमालकाची गाडी शेवटी भंगारात गेली ती गंजानं. इंजिन चालूच होतं.

क्लेमवाला

मी मोटार विम्याच्या क्लेमचं काम बघतो. दोनच ओळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, इंधन बदलायचं तर मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद लागते. तळणीच्या तेलाच्या घरगुती दोन टाक्यांची नोंद कशी करून घेणार? गाडीत वाढपी पोरं बसतात असं लिहिलंय. उद्या गाडीला आग लागली आणि पाहणीत सीटखाली दुसरी टाकी निघाली, तर विमा कंपनीशी काय बोलणार ते आधी ठरवून ठेवा.

पसरणीकर (वाई)

सगळ्यांचे आभार. काका, हिशेब वडिलांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले, आता आठवडाभर घरात हेच चालणार.

पण काळ्या ऑइलचं कोणीच बोललं नाही. मिस्त्रीकडे दोन बॅरल पडलीयत आणि तो रोज विचारतोय.

नोझलकाका (कोल्हापूर)

ते राहिलंच. त्याचं लांबण लावत नाही.

तळणीचं तेल निदान पूर्ण जळतं तरी. इंजिनच्या काळ्या ऑइलमध्ये काजळी असते, झिजलेल्या बेअरिंगचा धातू असतो, आणि कंपनीनं मुद्दाम घातलेले जस्त-कॅल्शियमचे क्षार असतात. ते जळत नाहीत, त्यांची राख होते. राख हीटर प्लगवर, व्हॉल्व्हच्या सीटवर, रिंगांच्या खाचेत बसते. काजळी इतकी बारीक की फडक्यातून, घरच्या फिल्टरमधून आरपार जाते आणि प्लंजरला पॉलिश पेपरसारखी घासते. असे प्लंजर मी बघितलेत, अंगावर उभे ओरखडे. असा पंप चालू गाडीत दाब धरतो, पण सेल्फच्या वेगाला धरत नाही. थंड गाडी उठते, गरम गाडी उठत नाही. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी गेली. बॅटरी बदलतो, स्टार्टर बदलतो, शेवटी आमच्याकडे येतो.

आणि तो धूर बाजूच्या माणसाच्या छातीत जातो, तुझ्या पोरांच्यासुद्धा. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे, नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचं. २०२४ च्या एप्रिलपासून तर ऑइल कंपन्यांवरच ते परत गोळा करायची जबाबदारी टाकलीय, त्यामुळं मिस्त्रीच्या बॅरलला गिऱ्हाईक मिळेल. त्याला सांग, ते वीटभट्टीवाल्याला पण देऊ नको.

देशी_इंधन

मग जुन्या गाडीवाल्यांनी डिझेल वाचवायचंच नाही का? काका फक्त नाही म्हणतात.

नोझलकाका (कोल्हापूर)

वाचवायचं की. पंचवीस वर्षांत त्या गाडीचे नोझल कधी उतरवलेत, हे पसरणीकरला आठवत नसणार. "इंजिनाला हात लावायची वेळ आली नाही" असं लोक अभिमानानं सांगतात. पिनचं नोझल झिजलं की दाब उतरतो, फवारा जाड पडतो, काळा धूर येतो आणि लिटरमागं किलोमीटर गळतात. चार नोझल उतरवून बेंचला लावणं, दाब पाहून शिम (पातळ चकती) टाकणं, पिन गेली असेल तिथं नवं एलिमेंट घालणं आणि पंपाचं टायमिंग बघणं. तेलाच्या किटपेक्षा निम्म्याहून कमी पैशात होतं, आणि फायदा पाचवडच्या खेपेलाही मिळतो, मेणवलीच्याही. सोबत एअर क्लीनर आणि टायरची हवा, पण ते तुला कोणीही सांगेल.

पसरणीकर (वाई)

ठरलं मग. तेल साताऱ्याला जाणार, पण जिलेबीचा डबा वेगळा ठेवायचा का तो विचारून घेतो. नोझल उतरवून तुमच्याकडेच आणतो. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला मसाल्याची खरेदी आहे, सोमवारी चालेल?

नोझलकाका (कोल्हापूर)

सोमवारी आमच्याकडं सुट्टी. मंगळवारी ये. आणि नोझल उतरवून आणू नको, अख्खी गाडी आण. आदल्या रात्री कोल्हापुरात मुक्काम कर, गाडी दुकानासमोर लाव आणि सकाळी मी येईपर्यंत सेल्फ मारू नको. गार इंजिनाचा पहिला धूर मला बघायचा आहे. पांढरा निघतो का काळा, त्यावर पंप खोलायचा का नुसते नोझल, ते ठरवू.